सायकल फिटिंग केलं आणि पायाच्या मुंग्या गेल्या
खडकवासला ओलांडून सिंहगडाच्या पायथ्याशी पोचेपर्यंत उजव्या पायाची बोटं बधिर, मग तळव्याची आग, दर रविवारी रस्त्याकडेला बूट काढून पाय चोळत बसायचो, लोकं बघत जायची. शेवटी एका दुकानात फिटिंग करून घेतलं, म्हणजे सायकल आणि बूट आपल्या शरीराच्या मापाने बसवून घेतले. तिथल्या दादाने आधी बूटच हातात घेतला, म्हणाला पट्टे एवढे करकचून कशाला आवळता, उन्हात पाय सुजतो ना! मग क्लीट (बुटाच्या तळाचा, पेडलमध्ये अडकणारा तुकडा) टाचेकडे 5 मिमी सरकवली, त्याने चवड्यावरचा दाब कमी होतो म्हणे. परवा 60 किमी मारले, मुंग्या नाहीत. दीड तास ताटकळत ठेवलं ते सोडा, पण बूट पुढून अरुंद आहेत, ते बदलावेच लागणार, म्हणजे परत खर्च.