ओआर-टूल्स: ट्रकच्या फेऱ्या आखणारं फुकटचं हत्यार, पण धार आपणच लावायची

एका गोदामातून रोज दहा-पंधरा गाड्या निघत असतील आणि थांबे दोनेकशे असतील, तर विकतचं सॉफ्टवेअर घेण्याआधी गूगलचं ओआर-टूल्स वापरून पाहावं. ते मुक्त-स्रोत आहे, अपाची 2.0 परवान्याखाली मिळतं आणि पायथन, सी++, जावा, सी# यांतून चालतं. नकाशा नाही, स्क्रीन नाही. कोड लिहिणारा माणूस हवाच. एक गाडी, एक माल, एक ठिकाण असा धंदा असेल, तर याच्या वाटेला जायची गरज नाही.

गणित सोडवण्यात ते तरबेज आहे. वजन आणि घनफळ अशा दोन्ही मर्यादा एकाच वेळी घालता येतात, आणि त्या घालाव्याच. हलका पण मोठा माल असेल तर वजन भरायच्या आत गाडी भरते. गाडीमागे ठरावीक खर्च लावला की तेवढेच थांबे कमी गाड्यांत बसवायचा प्रयत्न होतो. तो लावला नाही, तर दोन किलोमीटर वाचवायला अर्धी रिकामी गाडी बाहेर काढलेली दिसेल.

नवख्याची गाडी मात्र ठरलेल्या चार जागी अडते. अंतरं आणि वेळा पूर्णांकातच द्याव्या लागतात, 2.4 किलोमीटरचे 2 झाले की सगळा आराखडा बिघडतो, म्हणून मीटर आणि सेकंद वापरावेत. वेळेच्या डायमेन्शनमध्ये (फेरीभर साचत जाणाऱ्या वेळेच्या हिशेबात) स्लॅक, म्हणजे थांबून राहायची सूट, शून्य ठेवला, तर लवकर पोचलेल्या गाडीला दार उघडेपर्यंत थांबायची मुभाच उरत नाही. गायडेड लोकल सर्च (मिळालेलं उत्तर सुधारत राहणारी शोधपद्धत) निवडून वेळमर्यादा दिली नाही, तर शोध संपतच नाही. चौथी अडचण सगळ्यांत त्रासदायक: एकच ऑर्डर अशक्य असली तरी पूर्ण उत्तर ‘नन’ (पायथनमधलं None, म्हणजे काहीच नाही) येतं, आणि कशामुळे ते कळत नाही. त्यावर उपाय म्हणजे प्रत्येक थांब्याला डिस्जंक्शन (थांबा वगळायची मुभा) लावून तो वगळल्याचा भरपूर दंड ठेवायचा. मग न बसणाऱ्या ऑर्डरी तेवढ्या बाजूला पडतात आणि बाकीचं नियोजन हाती येतं. ही सोय सुरुवातीपासूनच ठेवावी.

अंतरांचा तक्ता ओआर-टूल्स देत नाही. 200 ठिकाणांना 40,000 जोड्या होतात. बहुतेक जण त्यासाठी ओएसआरएम हे रस्त्यांवरचे मार्ग काढणारं इंजिन लावतात. वेगाला तोड नाही, पण त्यासोबत येणारी प्रोफाइलं (वाहनानुसारचे नियम) कार, सायकल आणि पादचाऱ्याची. ट्रकला अडवणारा कमी उंचीचा पूल किंवा वजनाची बंदी असलेला रस्ता त्यांच्या हिशेबात येत नाही, कारण तिथे माप ट्रकचं धरलेलं नसतं. अवजड गाड्यांसाठी ‘वाल्हाला’ हे दुसरं इंजिन बरं, त्यात ट्रकची उंची, रुंदी, वजन देता येतं. ओएसआरएमच वापरायचं तर तक्त्याची मूळ मर्यादा 100 ठिकाणांची असते, ती सर्व्हर सुरू करताना वाढवावी. आणि रेखांश आधी, अक्षांश नंतर हा क्रम पाळावा. उलटं झालं की ट्रक समुद्रातसुद्धा निघतो.

खरी कसोटी लागते ती थांब्यावरच्या वेळेची. सगळीकडे सरसकट 15 मिनिटं धरली, तर सकाळचे थांबे जमतात आणि दुपारनंतरचे एकामागून एक घसरत जातात. जीपीएसच्या नोंदींतून प्रत्येक ग्राहकाच्या आवारात शिरल्याची आणि निघाल्याची वेळ काढावी. जिओफेन्सची (नकाशावर ठिकाणाभोवती आखलेल्या वर्तुळाची) त्रिज्या इतकी असावी की फाटकाबाहेरची रांग आत येईल, कारण रांगेत उभी असलेली गाडीही अडकलेलीच असते. नोंद दर 5 मिनिटांनी येत असेल, तर शिरण्याची आणि निघण्याची दोन्ही वेळ जवळपास तेवढ्याने चुकू शकते. 10 मिनिटांत माल उतरणाऱ्या ठिकाणी असा आकडा निरुपयोगी, तिथे डिलिव्हरी ॲपमधली नोंद घ्यावी. सरासरी वापरू नये. एखाद्या दिवशी चार तास अडकलेली गाडी तिला वर ओढते. मध्यक (क्रमाने लावलेल्या वेळांतली मधली) घ्यावा, आणि वेळ चुकली की माल परत पाठवणाऱ्या ग्राहकांसाठी 80 वा शतमक, म्हणजे 80 टक्के वेळा जिच्या आत काम होतं ती वेळ.

थांब्यावरचा हा वेळ प्रवासाच्या वेळेतच मिळवून कॉलबॅकमधून (दोन थांब्यांमधला वेळ सांगणाऱ्या आपल्या फंक्शनमधून) द्यायचा असतो, जिथून गाडी निघते त्या थांब्याच्या नावावर. बरेच जण तो पोचण्याच्या थांब्याला जोडतात. मग प्रत्येक पोचायची वेळ माल उतरवून झाल्यानंतरची दिसते, आणि वेळेत पोचलेली गाडीही उशिरा आल्यासारखी वाटते.