गच्चीवरचा हीट पंप

परळला आमची छोटी निवासाची जागा आहे. उपचारांसाठी गावाकडून आलेले पेशंट आणि त्यांची माणसं उतरतात. खालच्या मजल्यावर सहा सामाईक न्हाणीघरं. मुंबईत कशाला लागतं गरम पाणी, असं म्हणणाऱ्याने केमो घेतलेल्या माणसाला डिसेंबरच्या पहाटे आंघोळ घालून बघावी.

गेल्या वर्षी जुने २५ लिटरचे गीझर एकामागून एक गळू लागले. सोलर लावावं तर दोन्हीकडच्या टॉवरांनी गच्चीचं ऊन कधीच खाल्लंय. गॅस गीझर बंद न्हाणीघरात मला नकोच. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. तेवढ्यात ओळखीच्या ओळखीतून एक जण आला.

"ताई, हीट पंप घ्या. फ्रीज उलटा चालवायचा, बस्स. हवेतली उष्णता ओढून पाण्यात सोडतो. एका युनिटात तीन युनिटांचं काम."

यातलं एक अक्षरही खोटं नव्हतं, हेच मला अजून बोचतं. हीट पंप खरंच तसा चालतो, आणि मुंबईची उबदार, दमट हवा तर त्याला फारच मानवते. हे सगळं वाचून खात्री करण्यात माझे आठ दिवस गेले. त्याच्या एखाद्या जुन्या गिऱ्हाइकाला फोन करावा, हे मात्र सुचलं नाही.

१ लाख ८५ हजार ठरले. ५०० लिटरची टाकी, शेजारी पंखा असलेला पांढरा डबा. जीएसटी वाचेल म्हणून कच्चं बिल, तेही लेटरहेडवर. जुने गीझर ८०० रुपये नगाने तोच घेऊन गेला.

पाणी कडकडीत यायचं. वीजबिल मात्र उतरेना. "पहिले दोन महिने मशीन सेट होतं, ताई." मग "तुमच्याकडे माणसं वाढली असतील." तिसऱ्या महिन्यात फोन उचलणंच बंद.

गणपतीत भाचा आला. एसी दुरुस्तीचं काम करतो. गच्चीवर गेला, पंख्यासमोर हात धरला आणि म्हणाला, "मावशी, ही हवा थंड का नाही? आणि पाणी कुठे ठिबकतंय?"

मला कळेना. मग त्याने समजावलं. हवेतली उष्णता काढून घेतली की बाहेर पडणारी हवा गार लागायलाच हवी. आपल्याकडच्या दमटपणात कॉइलवर बाष्प जमतं आणि एसीसारखं नळीतून टपटप गळतं. आमच्या डब्याची नळी आतून कोरडी ठणठणीत होती, तोंडाशी कोळ्याने जाळं धरलेलं.

स्क्रू काढले. आत एका जुन्या फ्रीजचा कॉम्प्रेसर, त्याच्या नळ्या कापलेल्या, वायर कुठेच जोडलेली नाही. पंखा तेवढा सुरू. पाणी तापवत होते टाकीच्या पोटातले दोन ३ किलोवॉटचे साधे रॉड. म्हणजे मी पावणेदोन लाखांच्या वर मोजून एक मोठा गीझर विकत घेतला होता.

दुसऱ्या दिवशी भाच्याने सबमीटर लावला. टाकी रिकामी करून पुन्हा भरली आणि सगळे नळ बंद ठेवले. ५०० लिटर पाणी २५ अंशांवरून ५५ वर न्यायला उष्णताच साडेसतरा युनिटांची लागते. खरा हीट पंप ते सहाएक युनिटांत उरकतो. आमच्या मीटरने १९ दाखवले. ही चाचणी पैसे चुकते करण्याआधी, त्या माणसासमोरच करून घ्या. अर्धा दिवस जातो, जाऊ दे.

ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ नंबर फिरवायच्या आधी वकिलांकडे गेले. त्यांचा पहिलाच प्रश्न, "धंद्यासाठी घेतलंत ना?" २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात व्यावसायिक कामासाठी घेतलेल्या वस्तूचा खरेदीदार ग्राहकच धरत नाहीत. स्वतः राबून पोटासाठी चालवलेला व्यवसाय असेल तर सूट आहे, पण ते सिद्ध आपण करायचं. त्यात बिल कच्चं. पोलिसांकडे फसवणुकीची तक्रार दिलीय, भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८.

डबा पुरावा म्हणून गच्चीवर ताडपत्रीखाली बांधून ठेवलाय. भाचा वायर तोडेपर्यंत त्यातला पंखा अगदी इमानेइतबारे फिरत होता.