तयार डबा की रास्पबेरी पाय?

सीडीवरून फ्लॅकमध्ये (आवाजाची प्रत न घटवणाऱ्या फाइलींत) उतरवलेली गाणी हार्ड डिस्कवर आहेत, हॉलमध्ये जुना ॲम्प्लिफायर आहे, आणि घरच्या नेटवर्कवरून ती गाणी तिथपर्यंत न्यायची आहेत. अशा वेळी दोन वाटा समोर येतात. बाजारातला तयार म्युझिक स्ट्रीमर, म्हणजे नेटवर्कवरून गाणी वाजवणारा डबा घ्यायचा, नाहीतर रास्पबेरी पाय या हातभर नसलेल्या छोट्या संगणकावर डॅक (डिजिटल गाण्याचा आवाज करणारं सर्किट) बसवून आपला प्लेयर आपणच उभा करायचा. मी आधी तयार डबा घेतला, दीड वर्ष वापरला. आता पायवर आहे.

आवाजाचं आधी सांगून टाकतो. पायच्या हेडफोन जॅकवर विसंबू नका, तो कमजोरच आहे. वर चांगला डॅक बसवला, तर निदान माझ्या कानांना दोन्हींत फरक कळला नाही. नवतप्यात, मे अखेरच्या ऐन उन्हात, हॉलमध्ये कूलर घरघरत असतो, तेव्हा आवाजाची नोंद १६ बिट की २४ बिट बारकाव्याची हा प्रश्न माझ्यापुरता उरत नाही. डिसेंबरच्या रात्री, गल्ली शांत झाल्यावर, तानपुऱ्याची आस दोन्हींवर सारखीच लांब ऐकू आली. मांडणीत मात्र तयार डबा सरळ जिंकतो. तो दहा मिनिटांत वाजायला लागला, पायला माझा अख्खा रविवार गेला.

मग बदलला कशाला? गाण्यांची यादी कोणाकडे असते, या एका गोष्टीपायी.

माझी गाणी त्या डब्यावर डीएलएनएने, म्हणजे घरच्या नेटवर्कवर गाणी पोचवायच्या एका ठरलेल्या पद्धतीने जात. यादी फोनमध्ये, आणि फोन डब्याला एकेक गाणं देणार. चालू गाणं संपायच्या आधी पुढचं सांगून ठेवायची सोय या पद्धतीत आहे, पण ती ॲप आणि डबा दोघांनी पाळावी लागते. माझ्याकडे पाळली जात नव्हती. सिनेमाच्या गाण्यांत ते जाणवतही नाही. पण सतारीचे आलाप, जोड आणि झाला सीडीवर वेगवेगळे ट्रॅक करून दिलेले असतात, वादक मात्र कुठेच थांबलेला नसतो. जोड रंगत वर चढतो, चिकारीच्या तारांवर आघात होतो, आणि नेमकी तिथेच दोन सेकंदांची पोकळी. माझी तरी बैठक तिथेच मोडायची.

त्याहून जास्त लागलं ते आईचं. ती पहाटे अभंग ऐकते. मी यादी लावून द्यायचो आणि फोन खिशात टाकून नागपुरातल्या अंबाझरी तलावावर फिरायला जायचो. तलावाच्या पाळीवर पोहोचतो न पोहोचतो तोच तिचा फोन, "अरे, थांबलं ना गाणं!" थांबणारच, पुढचा अभंग सांगणारा फोन माझ्या खिशात होता.

पायवर मी पीकोअरप्लेयर हे गाणी वाजवणारं सॉफ्टवेअर टाकलं आणि सोबत गाणी व यादी सांभाळणारा लिरियन म्युझिक सर्व्हर. स्क्वीझबॉक्स नावाच्या जुन्या स्ट्रीमर यंत्रांचा सर्व्हर तो हाच. ती यंत्रं बनवणं २०१२ साली बंद झालं, सॉफ्टवेअर मात्र लोकांनी जिवंत ठेवलं, आणि २०२४ पासून त्याला हे नाव आहे. यादी सर्व्हरकडे राहते, फोन फक्त रिमोट. जोडातून झाल्यात जाताना आता कुठे सांधा दिसत नाही, आणि मी घरी परततो तेव्हा आईचा सहावा-सातवा अभंग चालू असतो.

पाय घेणाऱ्यांना एक भीती असते, की लाईन गेली तर मेमरी कार्ड खराब होईल. उन्हाळ्यात आपल्याकडे ही भीती खोटी नाही. पीकोअरप्लेयर मात्र सुरू झाल्यावर रॅममधून चालतं, प्लेयर म्हणून ते कार्डावर सारखं लिहीत बसत नाही. गेल्या मे महिन्यात कितीदा लाईन गेली ते मोजलं नाही, पण ती आली की माझा पाय आपला आपण उठला.

तुमचं बहुतेक ऐकणं सबस्क्रिप्शनच्या ॲपवर होत असेल, तर कदाचित तयार डबाच बरा. तिथे बहुधा डबा स्वतः इंटरनेटवरून गाणं ओढतो, फोन बाहेर गेला तरी अडत नाही. सगळे तयार डबे माझ्यासारखेच निघतील असंही नाही, काहींना लिरियनशी जोडताही येतं.

म्हणून बर्डीच्या (नागपूरच्या बाजारपेठेतल्या) दुकानात घ्या की ऑनलाइन मागवा, परत करायची मुदत संपण्याआधी एवढं करा. जोड आणि झाला लागोपाठ लावा, मग फोन विमान मोडवर टाकून टेबलावर पालथा ठेवा. झाला वेळेवर सुरू झाला, तर डबा ठेवून घ्या.