नागपूरच्या बर्डीतलं टीव्ही दुरुस्तीचं दुकान: आर्केड मशीनच्या मॉनिटरसाठी इथेच जा

नाणं टाकून खेळायच्या व्हिडिओ गेमचं जुनं आर्केड मशीन घरी आणून दुरुस्त करायला घेतलं असेल, तर मॉनिटरसाठी कॉम्प्युटरवाल्याकडे जाऊ नका. मी आधी तिथेच विचारलं होतं. मशीन उघडूनही न बघता "एलसीडी टाकून घ्या" म्हणाले. सीताबर्डीच्या आतल्या गल्लीतल्या टीव्हीवाल्या काकांनी मागची फळी काढली, चासी (मॉनिटरचं सर्किट) पाहिली आणि म्हणाले, "एलसीडी कशाला लावता जी? हा तर आपला कलर टीव्हीच होय."

अगदी खरं आहे. या मॉनिटरची आडवी फ्रीक्वेन्सी (पडद्यावर आडव्या रेषा काढायचा वेग) १५ किलोहर्ट्झच्या आसपास, म्हणजे जुन्या टीव्हीइतकीच. फक्त चॅनेल पकडणारा ट्यूनर नसतो. माझ्या मशीनमध्ये १९९३चा 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स' आहे, ज्याला आपण सगळे 'मुस्तफा' म्हणायचो. त्याचं चित्र मुळात ३८४ बाय २२४ ठिपक्यांचं. ते एलसीडीवर ताणलं की पार विस्कटतं. जुन्या काचेच्या पिक्चर ट्यूबवरच ते शोभतं.

ट्यूब जड म्हणून काका घरी आले. त्यांची काम करायची पद्धत मला फार आवडली. आधी प्लग काढला, मुलांना खोलीबाहेर पाठवलं. बंद केल्यावरही ट्यूबमध्ये हजारो व्होल्ट साठून राहू शकतात. एका वायरचं टोक ट्यूबभोवतीच्या अर्थिंगच्या जाळीला लावलं, दुसरं लांब स्क्रूड्रायव्हरला, आणि एक हात मागे ठेवून स्क्रूड्रायव्हर रबरी टोपीखाली सरकवला. 'चट्' असा आवाज झाला, म्हणजे साठलेली वीज निघाली. थोडं थांबून पुन्हा तसंच केलं, तेव्हा कुठे चासीला हात लावला.

चित्र वरून दुमडायचं आणि खालून आखडायचं. चित्राची उंची सांभाळणाऱ्या व्हर्टिकल सेक्शनचे कंडेन्सर सुकले होते. काकांनी ८५ डिग्रीपर्यंत तापमान सोसणारे काढून १०५ डिग्रीचे टाकले. आपल्या उन्हाळ्यात बंद पेटीत तेच टिकतात. गेम मध्येच रीसेट व्हायचा, त्याचं कारणही सापडलं. पॉवर सप्लायवर ५ व्होल्ट दिसायचे, पण गेमच्या बोर्डाच्या कनेक्टरवर मीटर लावला तर ४.७. नेहमी बोर्डावरच मोजा. कनेक्टरचे ५६ पॉइंट असतात, ते मळले की व्होल्टेज पडतं; म्हणून बोर्डाची कड खोडरबरने घासून घेतली आणि मग व्होल्टेज वाढवलं.

सामान, मजुरी आणि येण्याजाण्याचे धरून १८०० रुपये झाले. सुकलेले कंडेन्सर मोजून माझ्या हातात दिले. या कामाला हे पैसे मला जास्त वाटत नाहीत.

उणं सांगायचं तर फोन क्वचितच उचलतात, त्यामुळे दुकानातच जावं लागतं. पक्कं बिल मिळत नाही. लाकूडकामाला ते हात लावत नाहीत. तळाचं प्लाय ओलीने फुगलं असेल तर लकडगंजात जा आणि ट्यूब बसवण्याआधीच ते बदलून घ्या. नंतर ती पुन्हा उतरवायला दोन माणसं लागतात.