इंटरनेट अर्काईव्ह, शाळेच्या प्रोजेक्टसाठी वापरलं: 5 पैकी साडेचार स्टार

नववीच्या पोरांना आपल्या सोलापूरजवळच्या हिप्परगा तलावावर प्रोजेक्ट दिला होता. बारा वह्या आल्या आणि बाराही वह्यांत तेच चार परिच्छेद, चुकीच्या जागचा स्वल्पविराम सुद्धा तोच. साईटवाल्यांनी एकमेकांचं उचललेलं आणि पोरांनी पहिला रिझल्ट दिसला तो उतरवलेला. पोरांना तरी काय बोलायचं, आम्ही शिक्षक पण नोट्स काढताना पहिल्या पानाच्या पुढं जात नाही.

म्हणून सगळ्यांना कॉम्प्युटर लॅबमध्ये नेऊन इंटरनेट अर्काईव्ह उघडून दिलं. अमेरिकेतली 1996 पासूनची संस्था आहे, जुनी पुस्तकं स्कॅन करून ठेवते, कॉपीराईट संपलेली असली तर थेट डाउनलोड होतात, पैसे लागत नाहीत. एका पोरीनं हिप्परगा टाकलं, कामाचं काहीच नाही, "मॅडम, सापडंना झालंय." खरी गोम इथंच आहे. इंग्रजांच्या कागदात तलावाचं नाव एकरुख आणि गावाचं शोलापूर, म्हणजे स्पेलिंगमध्ये एसनंतर एच घालायचा. तसं टाकल्यावर मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा, म्हणजे इंग्रजांनी काढलेल्या जिल्हावार माहितीच्या पुस्तकांचा, 20वा खंड समोर आला, 1884 सालचा, अख्खा आपल्या जिल्ह्यावर! तलाव, विणकर, 1876-77 चा दुष्काळ, सगळं त्यात. पुस्तक उघडल्यावर आतल्या भिंगावर क्लिक करून शब्द टाकायचा, तो जिथं जिथं आलाय ती पानं दाखवतंय, सगळं चाळत बसायला नको. आणि पुस्तकाबाहेर, साईटवर शोधताना नुसत्या नावांत नाही तर पुस्तकाच्या मजकुरात शोधायचा पर्याय निवडा, तो आपोआप लागलेला नसतो, बरेच शिक्षक तिथंच कंटाळून सोडून देतात.

अर्धा स्टार भाषेसाठी कापला. माझ्या वर्गातली निम्मी पोरं सोलापूरच्या पूर्व भागातली, घरात तेलुगू, शाळेत मराठी, आणि इथं एकदम दीडशे वर्षांपूर्वीचं इंग्रजी. दोघादोघांना एकेक वेगळा परिच्छेद वाटून दिला, डिक्शनरी घेऊन दोन तास गेले, पण यावेळी बारा वह्यांत बारा वेगळी पानं आली, मला फार बरं वाटलं.

आता पोरांनी वहीच्या मागं जुन्या स्पेलिंगची यादी सुरू केलीय. पुण्याचं पूना, बार्शीचं बार्सी.