रेनमीटर, आठ महिन्यांनंतर: १.३ जीबी रॅम खाणारा आलेख

महिन्याची २० तारीख, म्हणजे जीएसटीआर-३बी हे जीएसटीचे विवरणपत्र भरण्याचा शेवटचा दिवस होता, आणि एक्सेलची तिसरी फाइल उघडताच मेमरी अपुरी असल्याची सूचना पडद्यावर आली. माझ्या लॅपटॉपमध्ये ८ जीबी रॅम आहे. दुरुस्तीच्या दुकानात फोन केला, तर मशीन न पाहताच ‘आणखी ८ जीबी टाकून घ्या, अडीच हजार होतील,’ असे सांगण्यात आले. अडीच हजार रुपये मी असे फोनवरच्या सल्ल्यावर खर्च करत नाही, म्हणून आधी कोणता प्रोग्राम किती मेमरी घेतो ते दाखवणारा टास्क मॅनेजर उघडला. तेथे रेनमीटर, म्हणजे विंडोजच्या पडद्यावर घड्याळ, हवामान वगैरे दाखवणारा प्रोग्राम, याच्या नावापुढे १.३ जीबीचा आकडा होता.

‘फुकट ते पौष्टिक’ या न्यायाने घेतलेला हा प्रोग्राम बसवला तेव्हा ४५ एमबीच्या आसपास मेमरी घेत असे. त्यावर मी चारच स्किन, म्हणजे पडद्यावर दिसणारे छोटे फलक, लावल्या होत्या: घड्याळ, दिनदर्शिका, हवामान आणि रॅमचा वापर दाखवणारा आलेख. त्या संध्याकाळी माझे मत एवढेच होते की हे आजच काढून टाकावे. पण बंद करून पुन्हा चालू करताच आकडा ४५ एमबीवर आला, म्हणून काढण्याचे काम पुढे ढकलले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो १६५ झाला, त्याच्या पुढच्या दिवशी २८५. मी लॅपटॉप कधीच पूर्ण बंद करत नाही, नुसते झाकण मिटते; त्यामुळे दहा-अकरा दिवस प्रोग्राम तोच चालू राहत होता आणि मेमरी साचत होती. याला मेमरीची ‘गळती’ म्हणतात खरे, पण येथे काही वाहून जात नाही. शेजारणीकडून रोज एक भांडे आणायचे आणि एकही परत करायचे नाही, असा हा प्रकार आहे.

माझी खरी तक्रार येथे आहे. सर्व स्किन एकाच प्रक्रियेत चालतात, त्यामुळे टास्क मॅनेजरमध्ये रेनमीटरची एकच ओळ दिसते. ‘अबाउट’ खिडकीत लॉग आहे, प्रत्येक स्किनमधील मोजमापांच्या चालू किमती आहेत, पण कोणत्या स्किनने किती मेमरी धरून ठेवली आहे, हे मात्र कोठेही नाही. घरातील चौघांच्या नावाने एकच वाण्याची वही असावी आणि साखर कोणी नेली ते लिहिलेलेच नसावे, तसे झाले. संगणकाची मेमरी मोजून दाखवणाऱ्या प्रोग्रामला स्वतःचा तपशील देता येऊ नये, याचा राग मला अजूनही आहे.

संशय प्रथम हवामानावर गेला, कारण ती स्किन इंटरनेटवरून माहिती आणते. तिच्या आयएनआय फाइलमध्ये, म्हणजे स्किनची सेटिंग लिहिलेल्या फाइलमध्ये, ‘अपडेटरेट’ ६०० होता, म्हणजे दर सेकंदाच्या हिशेबाने दहा मिनिटांतून एकदा. त्यात वावगे काही नव्हते. मग तिसऱ्या दिवशी, आकडा ४०० एमबीवर गेलेला असताना, एकेका स्किनवर राइट क्लिक करून ‘रिफ्रेश’ केले. घड्याळ, दिनदर्शिका, हवामान: आकडा जागचा हलला नाही. रॅमचा आलेख रिफ्रेश केला आणि ४०० चे थेट ५० झाले.

त्या स्किनसोबत लुआ या प्रोग्रामिंग भाषेत लिहिलेली एक छोटी स्क्रिप्ट होती. ती नोटपॅडमध्ये उघडली, तर प्रत्येक अपडेटला वेळ आणि टक्केवारी यांची नवी नोंद टेबलमध्ये घालणारी ओळ सापडली. जुनी नोंद काढणारी ओळ कोठेच नव्हती. आलेखावर दिसत होते ते शेवटचे १२० बिंदू, बाकीचे सारे नुसते साठत होते. म्हणजे रेनमीटर निर्दोष ठरला आणि दोष स्किन बनवणाऱ्याचा, असे मी मनाशी ठरवूनही टाकले होते. पण त्या स्किनच्या आयएनआय फाइलमध्ये वर ‘अपडेट’ची किंमत ५० मिलिसेकंद दिसली आणि मी थबकले. मूळ किंमत १०००, म्हणजे सेकंदाला एक नोंद, होती. रेषा सरकताना गुळगुळीत दिसावी म्हणून ती मीच बदलली होती! सेकंदाला २० नोंदी, दिवसाचे नऊ तास, म्हणजे रोज ६ लाख ४८ हजार नोंदी. मूळ वेगाने ही गळती दिवसाला जेमतेम ६ एमबी झाली असती आणि मला कधी कळलीही नसती. शिवाय माझ्या बदलानंतर तो आलेख फक्त शेवटच्या सहा सेकंदांचा इतिहास दाखवत होता, हेही एवढ्या दिवसांत माझ्या लक्षात आले नव्हते.

स्क्रिप्टमध्ये १२० च्या पुढची जुनी नोंद काढणारी एक ओळ घातली आणि काम भागले. नंतर कळले की रेनमीटरमध्ये रेषेचा आलेख काढणारा ‘लाइन’ नावाचा तयार मीटर मुळातच आहे, तो आपल्या रुंदीपुरतेच आकडे लक्षात ठेवतो आणि त्याला लुआ लागतच नाही. आता तोच लावला आहे.

तीन आठवडे झाले, लॅपटॉप अजून एकदाही बंद केलेला नाही आणि आकडा ५२ एमबीवर आहे. रॅम विकत घेतली नाही. ‘अपडेट’ पुन्हा १००० केल्यामुळे रेषा सेकंदाला एकदाच हलते आणि अडखळत चालल्यासारखी दिसते. तेवढे मी चालवून घेते.