गोव्यातून मुंबई-पुण्याला गाडीने: कोकणातून जावं की घाट चढून कोल्हापूरवरून?

मी डिचोलीचा. ताई लग्न होऊन डोंबिवलीला गेली आणि मुलगा तीन वर्षांपासून पुण्यात शिकतोय, त्यामुळे वर्षातून पाच-सहा वेळा तरी गाडी घेऊन वर जाणं होतंच. गेल्या महिन्याभरात तिघांनी मला एकच प्रश्न विचारला, की हायवे आता झालाय ना, मग मुंबईला कोकणातूनच जाऊ ना? फोनवर तुकड्या-तुकड्यात सांगण्यापेक्षा एकदाच नीट लिहितो.

पुण्याला जाणाऱ्यांनी फार विचार करू नका, घाट चढायचा आणि कोल्हापूर-सातारा करत जायचं. खरा घोळ मुंबईवाल्यांचा आहे, कारण अंतर दोन्हीकडून जवळजवळ सारखंच पडतं, पणजीपासून ढोबळ मानाने पावणेसहाशे ते सहाशे किलोमीटर. मॅपवर कोकणातला रस्ता थोडा कमी दिसतो आणि माणूस तिथेच फसतो. माझं स्पष्ट मत असं आहे की किलोमीटर बघूच नका, महिना कुठला, निघणार किती वाजता आणि गाडीत कोण बसलंय ते बघा.

आधी कोकणातला रस्ता, म्हणजे एनएच ६६, जुना एनएच १७. पनवेलपासून थेट कन्याकुमारीपर्यंत जाणारा हा रस्ता आपल्या गोव्याला पत्रादेवीपासून पोळेपर्यंत उभा चिरत जातो. गोव्यातला भाग गेल्या काही वर्षात खूप बदललाय हे मान्य करायलाच हवं. मांडवीवरचा अटल सेतू २०१९ ला झाला, नव्या झुआरी पुलाची एक बाजू २०२२ च्या डिसेंबरात आणि दुसरी त्यानंतर वर्षभराने सुरू झाली. मडगाव-वास्कोकडच्या लोकांचा सकाळचा जो एक तास कुठ्ठाळीला जळायचा तो वाचला. मोपाचा विमानतळ सुरू झाल्यावर धारगळहून सहापदरी जोडरस्ताही आला. पण पर्वरीच्या उड्डाणपुलाच्या कामाने सगळ्यांचा जीव किती खाल्ला ते तिथून रोज जाणाऱ्यांना विचारा, पाचेक किलोमीटरच्या पट्ट्यात धूळ, वळवलेले रस्ते आणि रात्री न दिसणारे बॅरिकेड. खाप्रेश्वराचा वड हलवला तेव्हा लोक रस्त्यावर उतरले होते, मला ते आजही लागतं, रस्ता हवा हे खरं पण गावाची राखण करणारं झाड सहज उचलायची गोष्ट नव्हे. असो. डिचोली, साखळी, पेडण्याच्या माणसाला पर्वरी लागतच नाही, पण पणजी आणि त्याच्या खालच्यांनी निघताना सकाळी सातच्या आत पर्वरी ओलांडायचं बघा.

पत्रादेवी पार केली की पुढचे दोन तास खरंच सुखाचे आहेत. झाराप-पत्रादेवीचा तुकडा आधीपासून चौपदरी होता, आता कुडाळ, कणकवली, तळेरे, खारेपाटण सगळं काँक्रिटचं झालंय, गाडी एका लयीत चालते, मागच्या सीटवरची म्हातारी माणसं झोपून जातात. पहिल्यांदा जाणाऱ्याला इथेच वाटतं की मुंबईपर्यंत असाच रस्ता असणार, आणि तो घरी फोन करून सांगतो की दुपारी जेवायला पोचतो.

मग राजापूरच्या पुढे लांजा, हातखंबा, संगमेश्वर, चिपळूण. इथे रस्ता एकसंध नाही हीच मुख्य अडचण आहे. पाच किलोमीटर झकास काँक्रिट, मग अचानक डायव्हर्जन, मग अर्धवट पुलाच्या बाजूने जुना डांबरी तुकडा, परत काँक्रिट. पूर्ण खराब रस्ता असला तर माणूस हळू चालवतो, अर्धवट झालेल्या रस्त्यावर वेग ऐंशीवर गेलेला असतो आणि समोर फलक न लावता लेन संपते. मागच्या मे महिन्यात संगमेश्वरच्या अलीकडे रात्री नऊच्या सुमाराला माझ्या पुढची गाडी अशीच मातीच्या ढिगाऱ्यावर चढली. सुदैवाने कुणाला लागलं नाही पण आतली लहान पोर जी रडत होती ती अजून आठवते. तेव्हापासून अंधार पडल्यावर मी त्या पट्ट्यात गाडी घालत नाही.

पनवेल ते इंदापूर हा ८४ किलोमीटरचा पहिला टप्पा २०११ ला सुरू झाला. माझा मुलगा तेव्हा शिशुवाटिकेत होता, आता कॉलेजात आहे, म्हणजे काय ते समजून घ्या. जमीन संपादन, वनखात्याच्या परवानग्या, पैसे संपलेले ठेकेदार, परत नव्याने निविदा, कारणं सगळी खरी असतील, पण त्याच रस्त्यावर महाडला २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्रीवरचा ब्रिटिश काळातला पूल वाहून गेला, दोन एसटी बस माणसांसकट गेल्या, आणि नंतर तिथेच नवा पूल १६५ दिवसात उभा राहिला. मनावर घेतलं तर होतं, हे त्याच रस्त्याने दाखवून दिलंय म्हणूनच बाकीच्याचा राग येतो. चिपळूणला बहादूरशेख नाक्याचा उड्डाणपूल २०२३ च्या ऑक्टोबरात बांधता बांधताच कोसळला तेही विसरू नये.

चांगलंही सांगतो. कशेडीचा बोगदा झाल्यापासून पोलादपूर-खेड मधला वळणांचा घाट टळतो, जिथे पाऊण तास जायचा आणि मुलं हमखास ओकायची, तिथे दहा-पंधरा मिनिटात पार. परशुराम घाटही रुंद झालाय, पण दरडीचा डोंगर तोच आहे, पावसात वर बघतच जावं लागतं. आणि माणगाव, इंदापूर ही दोन गावं, बाजारपेठेतून रस्ता जातो, बायपास नाही, शनिवार-रविवारी आणि चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या आधी तिथे दीड-दोन तास गेले तर नवल नाही.

या रस्त्याचा एक मोठा फायदा मात्र लोक विसरतात, तो म्हणजे मधेच सुटता येतं. तळेरेहून वैभववाडी-करूळ घाट चढून गगनबावडा-कोल्हापूर, हातखंब्याजवळच्या पालीहून आंबा घाट चढून मलकापूर-कोल्हापूर, चिपळूणहून कुंभार्ली घाटाने पाटण-कऱ्हाड, आणि अगदी माणगावहून ताम्हिणीने पुणे. पुढे जाम असल्याचं कळलं तर चिपळूणला चहा पिता पिता निर्णय बदलता येतो. मी दोनदा कुंभार्ली चढून गेलोय आणि दोन्ही वेळा वाटेत अडकलेल्या ओळखीच्यांच्या आधी पोचलोय.

आता दुसरा रस्ता, घाट चढून एनएच ४८, जुना एनएच ४. वाजपेयींच्या काळातल्या सुवर्ण चतुष्कोनातला हा मुंबई-चेन्नई भाग, म्हणजे वीस-पंचवीस वर्षं हा रस्ता चौपदरी म्हणून चालवून घेतलाय आणि आता सहापदरी होतोय. पण आपल्याला आधी तिथपर्यंत चढायला लागतं, आणि कुठल्या घाटाने चढायचं ते तुमचा तालुका ठरवतो.

पेडणे-बार्देशवाल्यांना आंबोली. बांद्याहून सावंतवाडी, आंबोली, आजरा, गडहिंग्लज करत संकेश्वरला हायवे लागतो. घाट लहान आहे, रस्ता सुधारलाय, वर पोचल्यावर हवा बदलते ती वेगळीच. फक्त पावसाळ्यात शनिवार-रविवारी धबधब्याकडे जाऊ नका, गाड्या रस्त्यातच लावतात.

डिचोली-सत्तरीवाल्यांना चोर्ला, साखळी-केरी-चोर्ला-कणकुंबी-जांबोटी-बेळगाव. अंतराने हाच जवळचा, अडीच तासात बेळगाव. पण जंगलातला रस्ता, वळणं आंधळी, मोबाईलला रेंज नाही, आणि कर्नाटकाच्या हद्दीतला तुकडा बऱ्याचदा खड्ड्यात असतो. दिवसा जा, रात्री धुकं असेल तर साखळीलाच थांबा.

फोंडा, धारबांदोडा, सांगेवाल्यांना अनमोड, म्हणजे एनएच ७४८. हा ट्रकांचा घाट, मोलेपासून वर ट्रकच्या मागे रांगायची तयारी ठेवायची. २०२५ च्या पावसाळ्यात इथे रस्त्याची कड खचली आणि अवजड गाड्या बंद ठेवायला लागल्या. याच रस्त्याच्या चौपदरीकरणावरून मोलेच्या अभयारण्यासाठी २०२० ला गोवेकर उभे राहिले होते, आणि मी त्यांच्या बाजूचा होतो, आजही आहे. घाटात वीस मिनिटं वाचवायला ते जंगल द्यावं असं मला नाही वाटत.

तिलारीचा घाट मॅप कधीकधी सुचवतो, चढ फार उभा आहे, फॅमिली घेऊन नको.

एकदा हायवेला लागलात की मात्र फरक कळतो. सर्व्हिस रोड, पेट्रोलपंप, स्वच्छ बाथरूमची हॉटेलं, रात्री बारालाही उजेड आणि माणसं, गाडी बंद पडली तर तासाभरात मेकॅनिक. बायका-मुलं, शुगरवाले वडील बरोबर असतील तर याची किंमत किलोमीटरपेक्षा जास्त. कोकणातल्या पट्ट्यात बायकांनी जायची जागा शोधत तासभर अवघडून बसायचं हा अनुभव माझ्या घरचा आहे आणि यावर कुणी बोलत नाही म्हणून मुद्दाम लिहितोय.

तरी एनएच ४८ ला डोक्यावर घेऊ नका. कागल ते सातारा सहापदरीकरणाचं काम चालू असल्याने कोल्हापूर आणि कऱ्हाडच्या आसपास वळवलेले रस्ते असतात, पुण्यात शिरताना नवले पुलाचा उतार अपघातांसाठी बदनाम आहे, तिथे गियरवर उतरायचं, ट्रकच्या पुढे राहायचं नाही. आणि पुण्यातून मुंबईकडे निघताना संध्याकाळची पाच ते नऊ ही वेळ टाळली नाहीत तर वाचवलेलं सगळं तिथे जातं.

पावसाळ्यात कुठला, हे विचारणारे सगळ्यात जास्त. साधारणपणे मी घाट चढा असंच सांगतो, पण २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि परत २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ हायवेवर आलं आणि रस्ता कित्येक दिवस बंद होता. कोकणात दरड पडते ती काही तासात बाजूला करतात, कोल्हापूरला पाणी चढलं की ते उतरेपर्यंत काहीच करता येत नाही. म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये निघायच्या आदल्या दिवशी पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी बघायची, धोक्याच्या जवळ असेल तर त्या बाजूला जायचंच नाही.

खर्चाचं थोडक्यात. टोल एनएच ४८ ला जास्त, कोगनोळी, किणी, तासवडे, आनेवाडी, खेड-शिवापूर असे एकामागून एक नाके. २०२५ च्या १५ ऑगस्टपासून खासगी गाड्यांना फास्टॅगचा वार्षिक पास निघालाय, सुरुवातीला तो ३,००० रुपयांना होता, २०० फेऱ्या किंवा एक वर्ष, माझ्यासारखा वरचेवर जाणारा असेल तर तो घ्याच. पण तो राष्ट्रीय महामार्गावरच्या नाक्यांना चालतो, मुंबई-पुणे एक्सप्रेसवे राज्याच्या महामंडळाचा आहे, तिथे वेगळे पैसे कापले जातात. पेट्रोल गोव्यात महाराष्ट्रापेक्षा स्वस्त, टाकी इथेच फुल करून निघा.

गाडी न्यायलाच हवी का, हाही विचार करा. थिवीला वंदे भारत पकडली तर मुंबई आठ तासाच्या आत, पावसाळी वेळापत्रकात मात्र ती आठवड्यातून तीनच दिवस असते आणि जास्त वेळ घेते. २०२४ च्या जुलैत पेडण्याच्या बोगद्यात पाणी आलं तेव्हा रेल्वेही अडकली होती, त्यामुळे रेल्वे म्हणजे हमखास असंही नाही, पण वयाच्या सत्तरीपुढच्या माणसाला मी रेल्वेच सांगतो. कोकण रेल्वेने २०२५ च्या ऑगस्टमध्ये कोलाड ते वेर्णा गाड्या वाहून नेणारी रो-रो सुरू केली, तेव्हा एका गाडीला ७,८७५ रुपये आणि बारा तास. कल्पना मला मनापासून आवडली, पण मुंबईहून कोलाडपर्यंतचा रस्ता स्वतःच चालवायचा म्हणजे त्रासाचा भाग आपल्याच वाट्याला, म्हणून सध्या तरी माझ्या कामाची नाही. पनवेलहून निघाली तर पहिला मी जाईन.

शक्तिपीठ महामार्गाबद्दलही विचारतात. वर्ध्याजवळच्या पवनारहून आपल्या पत्रादेवीपर्यंत ८०२ किलोमीटरचा, बारा जिल्ह्यातून जाणार असा त्याचा मूळ आराखडा होता, आणि कोल्हापूर-सांगलीचे शेतकरी बागायती जमिनी द्यायला तयार नाहीत. त्यावर विसंबून आज कुठलाही बेत करू नका. त्याची लाईन आंबोलीच्या डोंगराकडून येणार म्हणतात, आणि तो डोंगर फोडला तर खालच्या गावांच्या पाण्याचं काय, हे मला रस्त्याआधी कुणीतरी सांगायला हवं.

तर माझं ठरलेलं असं. नोव्हेंबर ते मे, पहाटे पाचला निघणं जमत असेल, गाडीत धडधाकट माणसं असतील आणि ठाणे-पनवेल-नवी मुंबईकडे जायचं असेल तर एनएच ६६, उजेड असेपर्यंत माणगाव पार करायचं. संध्याकाळी निघणार असाल, रात्रभर चालवायचं असेल, वयस्कर माणसं किंवा तान्हं मूल असेल, किंवा ड्रायव्हर एकटाच असेल तर घाट चढून एनएच ४८, तास-दीड तास जास्त गेला तरी जाऊदे. चवथीच्या आधीच्या तीन दिवसात मुंबईहून खाली येणाऱ्यांनी कोकणातला रस्ता धरूच नये, त्या दिवसात तो चाकरमान्यांनी भरलेला असतो.

ताईला यंदा चवथीला यायचंय, भावोजींचा गुडघा धरलेला, त्यांना कारने कोकणातूनच यायची हौस. मी रेल्वेचं बुकिंग उघडायची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवलीय, सकाळी आठच्या आधी दोघंही आपापल्या मोबाईलवर बसणार आहोत, थिवीला घ्यायला मी येतो म्हणून सांगितलंय.